फूस लावली की उपचार चुकले? रॉय विरुद्ध हार्टोग्ज खटल्याचा इतिहास

मानसोपचाराच्या इतिहासावर काम करायचं म्हटलं की बहुतेक जण फ्रॉइडची पुस्तकं काढून बसतात. मी तुम्हाला एक वेगळी जागा सुचवतो : कोर्टाचे निकाल. मी मूळचा विज्ञान शाखेचा, त्यामुळे सुरुवातीला कायद्याची भाषा वाचताना डोकं भणभणायचं. पण एक गोष्ट लवकर लक्षात आली. उपचार कशाला म्हणायचं, डॉक्टर आणि रुग्णाचं नातं कुठे संपतं, हे मानसोपचारतज्ज्ञ एरवी मोघम बोलतात. कोर्टात मात्र शपथेवर आणि उलटतपासणीला तोंड देत सांगावं लागतं. संशोधकाला याहून चांगलं साधन क्वचितच मिळतं.

प्रश्न असा आहे. थेरपिस्टनेच रुग्णाचा गैरफायदा घेतला, तर रुग्णाने दाद कुठे मागायची? आज अमेरिकेत याची चार उत्तरं मिळतात : दिवाणी दावा, फौजदारी तक्रार, परवाना देणाऱ्या मंडळाकडे तक्रार आणि व्यावसायिक संघटनेच्या नीतिसमितीकडे अर्ज. पहिल्यात पैसे मिळू शकतात, दुसऱ्यात शिक्षा होते, तिसऱ्यात परवाना जातो, चौथ्यात फार तर सभासदत्व जातं. हे चार रस्ते आधीपासून असे आखून ठेवलेले होते, असं मात्र समजू नका.

ज्यूली रॉय ही न्यूयॉर्कमध्ये सेक्रेटरीचं काम करणारी तरुणी. १९६९च्या मार्चमध्ये ती रेनेटस हार्टोग्ज या मनोविकारतज्ज्ञाकडे उपचारांसाठी जाऊ लागली. हार्टोग्ज हे काही गल्लीतले डॉक्टर नव्हते. १९५३ साली न्यूयॉर्कच्या बालसुधारगृहात ली हार्वे ओस्वाल्ड नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाची तपासणी त्यांनी केली होती; पुढे केनेडींच्या हत्येनंतर वॉरन आयोगासमोर त्यांची साक्षही झाली. तर अशा नामांकित डॉक्टरने काही महिन्यांतच उपचाराचा भाग म्हणून तिच्याशी शरीरसंबंध सुरू केले, आणि ते वर्षभराहून जास्त चालले, असं रॉयचं म्हणणं. १९७०च्या सप्टेंबरमध्ये हे सगळं संपलं. त्यानंतर तिची प्रकृती इतकी ढासळली की दोनदा मनोरुग्णालयात दाखल व्हावं लागलं.

तिने दावा लावला, आणि इथे आपल्या दृष्टीने मजेशीर भाग सुरू होतो. मजेशीर म्हणजे अभ्यासकाला. तिला अर्थातच नाही.

हार्टोग्ज यांनी संबंध झालेच नाहीत असं सांगितलं. एका शारीरिक व्याधीमुळे आपल्याला ते शक्यच नव्हतं, असाही त्यांचा बचाव होता. त्यावर त्यांच्या इतर काही स्त्री रुग्णांनी उलट साक्ष दिली. पण खरा कायदेशीर मुद्दा वेगळाच होता. त्यांच्या वकिलांचं म्हणणं असं : समजा, संबंध आले. तरी हा ‘फूस लावल्याचा’ दावा झाला, आणि असा दावा न्यूयॉर्कमध्ये चालतच नाही.

हे समजून घ्यायला चाळीस वर्षं मागे जावं लागेल. पूर्वी अमेरिकेत लग्नाचं वचन मोडलं किंवा स्त्रीला फूस लावली म्हणून पैशांचा दावा लावता येत असे. श्रीमंत पुरुषांना बदनामीची धमकी देऊन पैसे उकळण्यासाठी या दाव्यांचा वापर होतो, अशी ओरड झाली आणि १९३५ साली न्यूयॉर्कसह काही राज्यांनी ते रद्दच करून टाकले. तेव्हा आमदारांच्या डोळ्यांसमोर थेरपिस्ट नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर होते प्रियकर आणि प्रेयसी. पण कायद्यातला शब्द तसाच राहिला आणि १९७५ साली एका डॉक्टरला त्याची ढाल करता आली.

रॉयच्या बाजूचं उत्तर असं होतं की हा प्रेमप्रकरणाचा दावा नव्हेच, हा वैद्यकीय निष्काळजीपणाचा दावा आहे. आणि इथे फ्रॉइड कोर्टात येतो. उपचारादरम्यान रुग्णाच्या मनातल्या जुन्या भावना, विशेषतः आईवडिलांबद्दलच्या, थेरपिस्टकडे वळतात. याला ट्रान्सफरन्स म्हणतात. रुग्ण प्रेमात पडला तरी ते प्रेम उपचारातूनच निर्माण झालेलं असतं आणि डॉक्टरने त्याला प्रतिसाद द्यायचा नसतो, हे फ्रॉइडने १९१५मध्येच लिहून ठेवलं होतं. म्हणजे रॉयची ‘संमती’ ही ज्या उपचारासाठी ती आली होती त्याचाच परिणाम होती. भूल दिलेल्या माणसाची सही घेतल्यासारखं. (ही उपमा माझी, निकालातली नाही. उद्या कोणी प्रबंधात कोर्टाच्या नावावर खपवू नका.)

न्यायाधीशांनी हे मान्य केलं. ज्युरीने अडीच लाख डॉलर भरपाई आणि वर एक लाख डॉलर दंडात्मक भरपाई ठरवली. देशभर बातम्या झाल्या. बहुतेक लेखांमध्ये गोष्ट इथेच संपते, ‘ऐतिहासिक विजय’ वगैरे. तुम्ही इथे थांबू नका. १९७६च्या अपिलात निकाल टिकला, पण दंडात्मक भरपाई पूर्ण गेली आणि उरलेली रक्कम २५,००० डॉलरवर आली. शिवाय अपिलातल्या एका न्यायमूर्तींनी विरुद्ध मत नोंदवलं : हा १९३५च्या कायद्याने बंद झालेलाच दावा आहे, नाव बदलून आणलाय इतकंच. माझा आग्रह आहे की विरोधी मत आधी वाचा. बहुमताला कुठली भीती होती आणि ते कशापासून अंतर राखत होतं, हे त्यातून जास्त स्पष्ट दिसतं.

मग पैशांचं काय झालं? १९७७ साली हार्टोग्ज विरुद्ध त्यांची विमा कंपनी असा वेगळाच खटला उभा राहिला. व्यावसायिक चुकीसाठी डॉक्टरने विमा उतरवलेला असतो. कंपनी म्हणाली, आम्ही उपचारातल्या चुकीचा विमा उतरवला होता, आणि हा उपचार नव्हताच. कोर्टाने कंपनीची बाजू घेतली. तर्क बघा : रुग्णाला हा उपचार वाटत होता, म्हणून तिच्या दृष्टीने ती उपचारातली चूक ठरली, पण डॉक्टरला आपण उपचार करत नाही हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून विम्याच्या दृष्टीने ती चूक ठरत नाही. एकच कृती, एकाच शहरातली कोर्टं, दोन वर्षांत दोन नावं. अशा माणसाच्या कृत्याचा भार विम्याने उचलू नये, यात नैतिकदृष्ट्या चुकीचं काहीच नाही. पण विमा नसेल तर भरपाई डॉक्टरच्या खिशातून यावी लागते, आणि तो रिकामा निघाला तर रुग्णाच्या हातात निकालाचा नुसता कागद.

आणि हे असंच होणार होतं असंही नाही. मिझुरी राज्यात १९६८मध्ये झिपकिन विरुद्ध फ्रीमन या प्रकरणात कोर्टाने नेमकं उलटं ठरवलं होतं. तिथली रुग्ण डोकेदुखीसारख्या तक्रारी घेऊन गेली होती. डॉक्टरने तिला नवऱ्यापासून तोडलं, सहलींना नेलं, आपल्या शेतावर राहायला लावलं. कोर्ट म्हणालं, ट्रान्सफरन्स हाताळणं हेच त्याचं व्यावसायिक काम होतं, ते त्याने बिघडवलं, तेव्हा विमा कंपनीने पैसे द्यावेत. त्याआधी १९६१मध्ये इंग्लंडमध्ये लांडाऊ विरुद्ध वेर्नर या खटल्यात तर शरीरसंबंधाचा प्रश्नच नव्हता. रुग्ण प्रेमात पडली म्हणून डॉक्टर तिला बाहेर जेवायला वगैरे नेऊ लागला, तेवढ्यालाही निष्काळजीपणा मानलं गेलं.

रॉयच्या निकालाच्याच सुमारास व्यवसायाच्या आतही हालचाल झाली. होलरॉइड आणि ब्रॉडस्की यांनी १९७७मध्ये परवानाधारक मानसशास्त्रज्ञांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं; त्यात ५.५ टक्के पुरुषांनी आणि ०.६ टक्के स्त्रियांनी रुग्णाशी संभोग झाल्याचं स्वतःहून कबूल केलं. ही कबुली आहे, मोजमाप नाही, हे विज्ञानवाल्यांना वेगळं सांगायला नको. तरीही त्यानंतर ‘एखादाच वाईट माणूस’ असं म्हणणं कठीण झालं. १९८४मध्ये विस्कॉन्सिनने हा फौजदारी गुन्हा ठरवला, पाठोपाठ मिनेसोटाने. मिनेसोटाने तर १९८६मध्ये वेगळा दिवाणी कायदाच केला. त्यामुळे रुग्णाला फूस की निष्काळजीपणा, हा वाद घालत बसायची गरज उरली नाही.

मुदतीचा प्रश्न मात्र वेगळा आणि जास्त चिवट. दावा ठरावीक वर्षांत लावावा लागतो. पण आपली हानी झाली हे ज्या मनाने ओळखायचं, त्याच मनाची हानी झालेली असते! १९८६च्या सिमन्स विरुद्ध अमेरिका या खटल्यात संघीय अपील कोर्टाने घड्याळ कधी सुरू होतं ते ठरवलं : संबंध संपले तेव्हा नाही, तर आपल्या त्रासाचं कारण समुपदेशकाचं वागणं आहे हे रुग्णाला कळलं तेव्हा.

आपल्याकडचं काय, हे तुम्ही विचारणारच. भारतात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात स्पष्ट केलं, आणि ग्राहक तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे. फौजदारी बाजूने २०१३च्या दुरुस्तीनंतर भारतीय दंड संहितेच्या कलम ३७६-क मध्ये, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ६८ मध्ये, ‘वैश्वासिक संबंधाचा’ गैरवापर करून स्त्रीला शरीरसंबंधासाठी प्रवृत्त करणं हा गुन्हा आहे. थेरपिस्टचा उल्लेख त्यात नावाने नाही. परवान्याचं म्हणाल तर मनोविकारतज्ज्ञ वैद्यक परिषदेच्या कक्षेत येतात, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेच्या. म्हणून समोरच्याची पाटी नुसती ‘काउन्सेलर’ अशी असेल, तर तक्रार कुठे करायची हे ठरवण्याआधी त्याची नोंदणी कुठे आहे हे बघावं लागतं.

शेवटी साधनांबद्दल एक सूचना. रॉयने लुसी फ्रीमन या लेखिकेबरोबर १९७६मध्ये ‘बिट्रेयल’ हे पुस्तक लिहिलं आणि दोन वर्षांनी त्यावर टीव्हीसाठी चित्रपटही आला. हीच लुसी फ्रीमन १९६५मध्ये ओस्वाल्डवरच्या पुस्तकाची सहलेखिका होती, आणि तेव्हा तिच्यासोबत लिहिणारे होते डॉ. हार्टोग्ज. दोन्ही पुस्तकं मिळवा आणि शेजारी ठेवून वाचा.