खोलीवार वही

आमच्या घरात साथीच्या गोष्टी आजी सांगे आणि त्या नेहमी तिच्या आईपासून सुरू होत. पणजी 1896 साली परळच्या चाळीत नुकतीच लग्न होऊन आलेली. त्या सप्टेंबरात मांडवीतला गाठीचा ताप म्हणजे प्लेगच, असं डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखलं आणि पुढच्या चार-पाच महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई शहर सोडून गेली. पणजीही रत्नागिरीकडे गेली. पण जाण्याआधी पाहिलेलं ती विसरली नव्हती. शेजारच्या खोलीत एका जाणत्या मुलाला ताप भरला होता. घरच्यांनी त्याला गोधड्यांच्या चवडीमागे झोपवलं आणि दाराला आतून कडी घातली. सरकारी माणसांच्या नजरेला पडला तर इस्पितळात नेतील, आणि तिथून माणूस परत येत नाही, ही गिरणगावाची तेव्हाची समजूत. ऑक्टोबरच्या अखेरीस हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले, ते याच भयापोटी. आजी हे सांगताना ना कामगारांना दोष देई, ना इस्पितळाला. म्हणे, "दारात उभा कोण हे ठाऊक नसेल, तर कडी काढणार कोण?"

साथीत सेवा करणाऱ्या माणसांबद्दल मी जे काही वाचलं आणि पाहिलं, ते मला या एका प्रश्नाभोवतीच फिरताना दिसतं. पुण्यात 1897च्या मार्चमध्ये रँडच्या प्लेग कमिटीचे सोल्जर घरं तपासत होते आणि लोक आजारी माणसं लपवत होते. त्याच महिन्यात शहराबाहेर हडपसरजवळ सावित्रीबाई फुले आणि डॉक्टर मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात रोगी आणले जात होते. मुंढव्याच्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन आणलं, त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या. त्यांच्या धैर्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. मला त्याआधीची वीस वर्षं महत्त्वाची वाटतात. 1877च्या दुष्काळात याच बाईंनी आणि सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी अन्नछत्रं चालवली होती. ज्या हातानं तेव्हा भाकरी मिळाली, त्या हातात लोकांनी आता आजारी मूल दिलं.

आजीची स्वतःची आठवण 1918ची, मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीची. ती तेव्हा दहा वर्षांची होती. जूनमध्ये ताप आला आणि गेला, माणसं पुन्हा कामावर लागली. पाऊस नीट झाला नव्हता, धान्य महागलं होतं, आणि अशात सप्टेंबरात साथ उलटून आली ती वेगळ्याच रूपात. धडधाकट माणूस सकाळी गिरणीत जाई आणि तिसऱ्या दिवशी त्याला खांदा द्यावा लागे. 6 ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत 768 माणसं मेली. आजीला आकडा ठाऊक नव्हता. तिला आठवे ते जिन्यावरून दिवसभर खाली जाणाऱ्या तिरड्या, आणि नंतर नंतर खांदा द्यायलाही चार माणसं न मिळणं. तिची धाकटी काकी सगळ्यांची शुश्रूषा करता करता आडवी झाली आणि उठली नाही. देशभर तेच झालं. त्या साथीत पुरुषांपेक्षा बायका अधिक मेल्या, कारण त्या उरलंसुरलं खात होत्या आणि आजाऱ्याच्या उशाशी त्याच बसत होत्या.

त्या दिवसांत चाळीत औषध, दूध आणि कांबळी घेऊन जे येत, त्यांना आजी 'लीगवाले' म्हणे. सोशल सर्व्हिस लीग ही संस्था ना. म. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1911 साली मुंबईत काढली. रात्रशाळा, फिरती वाचनालयं, असं तिचं काम. साथ आली तेव्हा शाळेत कोण येणार? मग माणसं तीच राहिली, काम बदललं. शिकवणारे औषधाच्या बाटल्या घेऊन जिने चढू लागले. शहरात इतर जातिसंस्थांनी आणि डॉक्टरांच्या मंडळांनीही दवाखाने उघडले आणि वीस वर्षांपूर्वी कुणाला विचारत नसलेलं सरकार या स्वयंसेवकांची मदत घेऊ लागलं. आजीच्या वडलांनी कडी काढली, कारण बाहेर उभा असलेला माणूस त्यांना रात्री पाटीवर अक्षरं गिरवायला लावणारा मास्तर होता. मिक्श्चर कडू होतं, त्यानं कुणी बरं झालं की नाही सांगता येत नाही, कारण त्या आजारावर तेव्हा औषधच नव्हतं. पण दूध पोटात गेलं, पांघरूण मिळालं, मेलेल्याला कुणी तरी नेलं.

या गोष्टीची दुसरी बाजू आजीनं सांगितली नाही, ती मी पुढे वाचली. त्या वर्षी मुंबईत युरोपीय लोकांत साथीचा मृत्युदर हजारी 8च्या आसपास होता, सवर्ण हिंदूंमध्ये 19, आणि ज्यांना कागदोपत्री 'खालच्या जातीचे' म्हटलं जाई त्यांच्यात 61हून अधिक. दाटी, उपास, ओल ही कारणं आहेतच. पण जातवार दवाखाने ज्यांच्यासाठी उघडले, त्यात ही माणसं नव्हती, हेही खरं. ओळखीच्या बळावर चालणारी सेवा ओळख संपते तिथे थांबते.

माझे वडील लालबागच्या आमच्या चाळीतल्या गणेशोत्सव मंडळाचे खजिनदार. त्यांच्याकडे वर्गणीची खोलीवार वही होती. खोली क्रमांक, नाव, रक्कम, पावती. समासात मात्र त्यांच्या बारीक अक्षरात वेगळंच काही लिहिलेलं असे: 'दमा', 'मुलगा दुबईला', 'रात्रपाळी, दुपारी दार वाजवू नये', 'एकट्या, दूध लागतं'. 18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले, तेव्हा त्या वर्षी वर्गणीचा रकाना रिकामा राहिला आणि त्याच वहीवरून धान्य वाटलं गेलं. पुढे पल्स पोलिओच्या रविवारी शेजारच्या भागातल्या रोटरी क्लबची माणसं बूथवर बसायची आणि कोणत्या खोलीत पाच वर्षांखालचं मूल आहे ते वडलांना विचारायची. 2014 साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यात अशा विचारण्याचा फार मोठा वाटा आहे.

25 मार्च 2020ला टाळेबंदी लागली तेव्हा वडील नव्हते, वही होती. माझा पुतण्या मंडळाचा कार्यकर्ता, मी डोंबिवलीत घरात. राज्यात 1897चाच साथरोग कायदा पुन्हा लागू झाला होता. पणजीच्या वेळचं आर्थर रोडचं ते इस्पितळ आता कस्तुरबा रुग्णालय म्हणून मुंबईतले पहिले कोविड रुग्ण सांभाळत होतं. पोरांनी वहीची पानं मोबाइलवर काढून सगळ्यांना पाठवली. मंडळाचं काम म्हणजे माणसं जमवणं, आणि नेमकं तेच आता करायचं नव्हतं. साठीपुढच्या जुन्या कार्यकर्त्यांना घराबाहेर पडायला बंदी, पण कुणाला काय लागतं ते त्यांनाच पाठ. म्हणून त्यांनी फोन करायचे आणि पोरांनी पिशव्या पोहोचवायच्या, अशी वाटणी झाली. पंधरा खोल्या माझ्याकडे आल्या. रोज सकाळी मी विचारी: इन्सुलिन किती उरलं, बी.पी.च्या गोळ्या आहेत का, खोकला कुणाला. चाळ सील झाली तेव्हा वरच्या मजल्यांवरून दोरीला पिशव्या सोडल्या गेल्या. त्या वर्षी दहीहंडी नव्हती. गोविंदा पथकातली पोरं म्हाताऱ्यांसाठी बादल्या भरून जिने चढत होती.

क्लबांचंही तेच झालं. रोटरीचा सारा डोलारा नियमित बैठकीवर उभा. ती झूमवर गेली, 2020चं होनोलुलूचं जागतिक अधिवेशनसुद्धा ऑनलाइन झालं. आमच्याकडे येणाऱ्या क्लबनं जेवणाच्या बैठकांचे वाचलेले पैसे मास्कला आणि किराण्याला दिले. रक्ताची टंचाई फार बोचली. कॉलेजं आणि कचेऱ्या बंद, त्यामुळे शिबिरं बंद, आणि थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. मग वेळ ठरवून पाच-पाच दात्यांना बोलावणारी छोटी शिबिरं सोसायट्यांच्या आवारात सुरू झाली. त्या वर्षी गणेशोत्सवात सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा होती. 1934पासून चालत आलेल्या लालबागच्या राजाच्या मंडळानं मूर्तीच बसवली नाही, त्याऐवजी आरोग्योत्सव करून रक्तदान आणि प्लाझ्मादान घेतलं. लालबागमध्ये वाढलेल्या माणसाला त्या निर्णयाचं वजन समजेल. आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्या रडल्या, आणि त्यांनीच नातवांना रक्त द्यायला पाठवलं.

वहीचं अपुरेपणही तेव्हाच उघडं पडलं. टाळेबंदीला तीन आठवडे होत आले होते. माझ्या यादीतल्या एका आजींनी फोनवर विचारलं, "खालच्या लाँड्रीतल्या पोरांचं काय गं?" तळमजल्याच्या बंद दुकानात बिहारची काही पोरं अडकून होती. दिवसा इस्त्री करायची, रात्री तिथंच झोपायची. मंडळ त्यांना रोज पाहत होतं, पण ती वर्गणीदार नव्हती, म्हणून वहीत नव्हती आणि वहीत नव्हती म्हणून पिशवीही नव्हती. 14 एप्रिलला वांद्रे स्टेशनबाहेर गावी जाऊ द्या म्हणत हजारो मजूर जमले, ते सगळे अशाच कुठल्या ना कुठल्या वहीबाहेरचे. त्या रात्री पुतण्यानं नवं पान सुरू केलं. पोटमाळ्यावरचे कारागीर, बेकरीतले कामगार, पोटभाडेकरू, घरकामाला येऊन अडकलेल्या बायका. नावं विचारायला पोरांना संकोच वाटला, कारण इतकी वर्षं विचारली नव्हती. लाँड्रीतल्या दोघांनी पाकिटांऐवजी तांदूळ आणि मोहरीचं तेल मागितलं, आपलं आपण शिजवू म्हणाले. मंडळाच्या पोरांना ते आवडलं नाही. मला ते अगदी बरोबर वाटलं, आणि मी तसं सांगितलं.

2021च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी धावाधाव झाली तेव्हा क्लबनं काही कॉन्सन्ट्रेटर विकत घेतले. यंत्रं त्यांची, पत्ते आमचे. एका घरातून यंत्र परत आलं की पुसून, नळी बदलून पुढच्या घरी जाई. बेड मिळेपर्यंत ते यंत्र कुणाला आधी द्यायचं, हे ठरवण्याचे फोन मी कधी विसरणार नाही. ऑक्सिमीटरचे आकडे विचारायचे आणि दोन ओळखीच्या घरांमधून एक निवडायचं. एकदा यंत्र वेळेत पोहोचलं नाही.

लसीकरण आलं तेव्हा मंडळानं कोविनवर नोंदणीसाठी टेबल टाकलं. स्मार्टफोन नसलेल्या म्हाताऱ्या आणि आधारकार्ड गावी राहिलेले कामगार एकाच रांगेत बसत. गावी गेलेल्या लाँड्रीतल्या पोरांपैकी एक परत आला होता, तो हिंदीतून बाकीच्यांना समजावून सांगे.

वहीची आता एक्सेलची फाइल झाली आहे. समासातल्या नोंदींसाठी पुतण्यानं वेगळा रकाना ठेवलाय आणि त्याशेजारी आणखी एक: या पत्त्यावर राहणारे, वर्गणी न देणारे. दर वर्षी गणपतीच्या महिनाभर आधी तो नव्यानं भरावा लागतो, कारण ही माणसं सारखी बदलतात. त्या फेरीला पोरं पावतीपुस्तक न घेता जातात.