दीड वर्षाच्या मुलाला पोहायला घालावं का? आधी घरातली बादली बघा

काही महिन्यांचं बाळ पाण्याखाली डोळे उघडे ठेवून सरकतंय, असा एखादा रील फिरतो आणि अंधेरी-बोरिवलीच्या आयांच्या ग्रुपवर लगेच विचारणा होते: आपल्याकडे असा क्लास कुठे आहे?

रीलमधलं ते बाळ खरं तर पोहत नसतं. चेहरा पाण्यात गेला की श्वास आपोआप रोखला जाणं ही तान्ह्या बाळांमधली प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि सहा महिन्यांनंतर ती ओसरत जाते. पोहणं मात्र शिकावंच लागतं.

मग कधीपासून? ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स’ ही बालरोगतज्ज्ञांची संघटना पूर्वी चार वर्षांआधी पोहण्याचे धडे नकोत असं सांगायची. २००९ मध्ये एक अभ्यास आला. रीतसर पोहणं शिकलेल्या १ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये बुडण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी दिसला. अभ्यास छोटा होता, त्यामुळे आकडा जपूनच घ्यायचा. पण २०१० मध्ये संघटनेने भूमिका सैल केली. आता एक वर्षानंतर बरीच मुलं शिकायला तयार असतात, असं ती म्हणते. वर्षाच्या आतल्या बाळांना अशा क्लासमुळे बुडण्यापासून संरक्षण मिळतं, याचा पुरावा नाही.

या वयाच्या क्लासमध्ये आई किंवा बाबा पाण्यातच असतात. मूल कडेवर, पाणी कोमट म्हणजे साधारण ३० ते ३२ अंश, वेळ जेमतेम अर्धा तास. तोंडाने बुडबुडे काढणं, आधाराने पाठीवर तरंगणं, वळून तलावाची कड धरणं, एवढंच शिकवतात. रडणाऱ्या मुलाचं डोकं जबरदस्तीने पाण्यात घालणारा प्रशिक्षक असेल तर सरळ बाहेर पडा. पोटात खूप पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं. दंडावरचे हवेचे फुगे जीव वाचवण्यासाठी नसतात. मूल कायम हाताच्या अंतरावर हवं.

उपनगरांत अंधेरीचं शहाजीराजे क्रीडा संकुल, मुलुंडचं प्रियदर्शिनी संकुल, कांदिवलीचा सरदार पटेल तलाव असे पालिकेचे जलतरण तलाव आहेत. चौकशी करताना किमान वय आणि लहानग्यांसाठी वेगळा उथळ तलाव आहे का, हे आधी विचारा.

पण या वयाच्या मुलाला धोका बहुतेकदा तलावात नसतो. मुंबईत पाणी ठरावीक वेळी येतं, म्हणून बाथरूममध्ये बादल्या आणि पिंप भरून ठेवलेले असतात. दीड वर्षाच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. वाकून आत पडलं की त्याला स्वतःला वर काढता येत नाही. आवाजही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख लोक बुडून गेले आणि त्यांतली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांच्या आतली मुलं होती.

क्लासची फी भरण्याआधी पिंपाला घट्ट झाकण आणि बाथरूमच्या दाराला बाहेरून, वरच्या बाजूला कडी बसवा. आणि मूल पाण्यात बेशुद्ध सापडलंच तर त्याला उलटं धरू नका, पोट दाबू नका. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबायला घ्या, आणि दुसऱ्या कुणाला तरी त्याच क्षणी १०८ लावायला सांगा.