तळटीप १२ : ‘शेवगावात १४४ लागलं’

१२. म्हणजे जमावबंदी. फौजदारी प्रक्रिया संहितेतला हा अधिकार १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ मध्ये गेला. लोकांच्या तोंडी आकडा जुनाच. आदेश न्यायाधीश नव्हे, तर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा खास अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी काढतो, म्हणजे एरवी सातबारा नि शेतसारा पाहणारं महसूल खातंच. मुदत दोन महिने. पुढे सहा महिन्यांपर्यंत वाढवणं फक्त राज्य शासनाच्या हाती.

शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क अनुच्छेद १९ देतो, मग हे कलम टिकलं कसं? नागपुरात गिरणी कामगारांच्या दोन संघटनांच्या तंट्यातून १९५६ साली निघालेल्या आदेशाला बाबुलाल पराते यांनी आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये कलम वैध ठरवलं. आदेश रद्द करून मागता येतो, हेही त्यामागचं एक कारण. काश्मीरमधल्या निर्बंधांवरच्या अनुराधा भसीन खटल्यात (२०२०) न्यायालयाने बजावलं की आदेश प्रसिद्ध व्हावा, त्यात कारणं असावीत आणि रास्त मतप्रदर्शन दडपायला तो वापरू नये. प्रस्तुत संपादकाला हा दुसरा निकाल अधिक मोलाचा वाटतो. कारणच लिहिलं नसेल, तर माणसाने दाद मागायची ती कशाविरुद्ध?