भीमथडी घोडा
महाराष्ट्राच्या पठारावरील घोड्याची एक देशी जात. ‘दख्खनी तट्टू’ या नावानेही ती ओळखली जाते. भीमा नदीच्या थडीचा, म्हणजे काठचा, प्रदेश हे तिचे मूळ पैदासक्षेत्र होय. बांधा लहान व आटोपशीर, उंची सु. १३० सेंमी., पाय मजबूत आणि खूर कठीण असतात.

मध्ययुगात चौल, दाभोळ, गोवा इ. बंदरांतून अरबी व इराणी घोडे दख्खनमध्ये येत. स्थानिक घोड्यांशी त्यांचा संकर होऊन ही जात घडली, असे मानले जाते. मराठ्यांच्या फौजेतील बारगीर व शिलेदार यांना डोंगराळ मुलखात अल्प चाऱ्यावर लांब मजला मारणारे जनावर हवे असे. त्यामुळे निवडीत उंचीपेक्षा काटकपणाला महत्त्व आले. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर घोडदळाची मागणी ओसरली व पागांतील पैदासही मंदावली.

ही जात टिकली ती मुख्यतः मेंढपाळ धनगरांमुळे. कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेस गगनबावड्याकडे अतिवृष्टी होते, तर पूर्वेस शिरोळकडे पाऊस पुष्कळच कमी असतो. दख्खनच्या पठारावर पावसाचे असे अंतर साधत कळपासह फिरणाऱ्या धनगरांचा संसार, भांडीकुंडी व नवजात कोकरे यांसह, तट्टाच्या पाठीवर असतो. तबेला व खुराक यांच्या आधाराविना दुर्बळ शिंगरे सहसा जगत नाहीत. तगतात त्यांचीच संतती वाढते. अशा रीतीने पागेतील निवडीची जागा बव्हंशी नैसर्गिक निवडीने घेतली.

नैसर्गिक निवडीला वाव मिळण्यासाठी जननिक विविधता आवश्यक असते. जगभरच्या पाळीव घोड्यांत आईकडून येणाऱ्या कलकणांतील (मायटोकाँड्रियांतील) डीएनएमध्ये मोठी विविधता, तर नराकडून नराकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रात अत्यल्प विविधता आढळते. मोजक्या नरांपासून पैदास करण्याच्या दीर्घकालीन प्रथेचा हा परिणाम होय. लहान गटात अंतःप्रजननाने ही विविधता आणखी घटते. उलट उंच जातींशी सरसकट संकर केल्यास स्थानिक परिस्थितीशी जुळलेले गुण विरळ होतात.

कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२४ मध्ये भीमथडीला देशातील आठवी स्वतंत्र अश्वजात म्हणून मान्यता दिली. संवर्धनाच्या दृष्टीने ही नोंद महत्त्वाची आहे. तथापि चराऊ कुरणे आक्रसल्याने धनगरांची भटकंती कमी होत आहे. तबेल्यात या घोड्यांची संख्या वाढविता येईल; परंतु ज्या खडतर जीवनक्रमाने त्यांचा काटकपणा जोपासला, तो तेथे निर्माण करता येणार नाही.