गळा एक, कामे दोन

अकलूज म्हटले की लावणी महोत्सव आठवतो आणि गाणाऱ्याचा ‘गळा’ही. त्याच गळ्यातून आपला घासही उतरतो. घशात श्वासाची आणि अन्नाची वाट एकमेकींना छेदते. गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, स्वरतंतू मिटतात, म्हणून अन्न फुप्फुसात जात नाही. बोलणे आणि गिळणे यांची इंद्रिये अशी सामाईक आहेत. पण उपचारशास्त्राला हे नाते उमगायला बराच काळ लागला.

पूर्वी बोलण्यातल्या दोषाचे खापर जिभेवर फुटे. ‘जीभ जड आहे’ म्हणून मुलाला मधातून वेखंड चाटवत. वेखंडाचे संस्कृत नावच ‘वचा’. १८६१ मध्ये पॅरिसचे डॉ. पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाच्या मेंदूची मरणोत्तर तपासणी केली. त्याला बोललेले बहुतेक समजे, पण तोंडून ‘टॅन’ एवढेच निघे. दोष जिभेत नव्हता, मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढच्या भागात होता. पुढे पहिल्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांना पुन्हा बोलायला शिकवताना वाचा-उपचाराला आकार येत गेला.

आपल्याकडे १९६६ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात या विषयाचे शिक्षण सुरू झाले. १९८३ मध्ये वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी अमेरिकेत जेरी लोगेमन यांचे गिळण्याच्या विकारांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. बेरियम मिसळलेला घास गिळताना क्ष-किरणांनी पाहिला, की पक्षाघाताच्या काही रुग्णांत तो श्वासनलिकेत उतरताना दिसे, आणि तोही ठसका न लागता! यातून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून आडव्या रुग्णाच्या तोंडात पाणी ओतणे धोक्याचे. त्याला नीट बसवणे, घोट लहान ठेवणे, हनुवटी छातीकडे झुकवणे, पेय दाट करणे असे उपाय आहेत. मात्र कोणाला कोणता, हे तज्ज्ञाने तपासूनच ठरवायचे.

शिक्षकाचे काम याच्याही आधी सुरू होते. बालवाडीतले मूल ‘र’ऐवजी ‘ल’ म्हणते, यात घाबरण्यासारखे काही नाही. पण पहिलीत आल्यावरही त्याचे बोलणे परक्याला कळत नसेल, तर प्रथम कान तपासून घ्यावेत. जे ऐकूच येत नाही, ते मूल उच्चारणार कसे? २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत येणाऱ्या पथकाला असे मूल आवर्जून दाखवावे. पथक वर्षातून एखाद्या वेळी येते. मुलाचे बोलणे रोज ऐकतो तो शिक्षक.