हाकेला वळणारी गाडी

सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. जाणतं गिऱ्हाईक नुसता रंग पाहून सौदा करत नाही. जनावर हाकेला वळतं का, हेही पाहतं. विजेच्या गाडीचीही पारख अशीच करावी.

जानेवारी २०२० मध्ये एमजीची झेडएस ईव्ही आणि टाटांची नेक्सॉन ईव्ही आली. चार्जिंग किती झालं, गाडी कुठं उभी आहे, हे मोबाइलच्या अ‍ॅपवर घरबसल्या कळू लागलं. एमजीशी बोलताही येई, पण इंग्रजीतून. २०२३ च्या नव्या नेक्सॉन ईव्हीला सहा भाषांतल्या आज्ञा कळू लागल्या. त्यांत मराठी होती! रस्ताही आता चालकासमोरच्या पडद्यावरच दिसू लागला.

मात्र अ‍ॅपला रेंज लागते, फोनपाशी आणि गाडीपाशीही. नकाशात चार्जर दिसला, तरी तो चालू आहे का, हे विचारून निघावं. आणि भाषेचं म्हणाल तर आमच्याकडे घराघरांत अहिराणी, गुजरी, भिली बोलतात. त्या सहांत यांतली एकही नाही. घोडा मात्र धन्याची बोली शिकतो. म्हणून गाड्यांची तुलना करताना एक प्रश्न जरूर विचारा: आमच्या आईनं तिच्या बोलीत हाक दिली, तर ही गाडी वळेल का?