बालरक्षक

शाळाबाह्य झालेली किंवा शाळा सुटण्याच्या बेतात असलेली मुले वेळीच ओळखून त्यांना शिक्षणात टिकवण्याचे काम स्वेच्छेने करणाऱ्या महाराष्ट्रातील शिक्षकास बालरक्षक असे म्हणतात. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाच्या पुढाकाराने २०१७ च्या सुमारास हा उपक्रम सुरू झाला. त्यास योजना न म्हणता चळवळ म्हणण्याचा प्रघात आहे.

पार्श्वभूमी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पालकांना भेटून मुलाची उपस्थिती व प्रगती सांगणे हे त्याच्या कलम २४ नुसार शिक्षकाचे कर्तव्य आहे. राज्यात पटावर नाव असूनही महिन्याहून अधिक काळ सलग गैरहजर असलेले मूल शाळाबाह्य मानले जाते. मात्र तोवर थांबल्यास बहुधा उशीर झालेला असतो.

स्थलांतर आणि पूर्वलक्षणे

याचे ठळक उदाहरण म्हणजे ऊसतोड मजुरांची मुले. बीडसह मराठवाड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांच्या परिसरात जातात व उन्हाळ्यात परततात. पहिले सत्र गावी आणि दुसरे फडावर, असे मुलाचे वर्ष मधोमध तुटते. मुकादमाकडून उचल घेतली गेली की कुटुंबाचे जाणे जवळपास ठरलेले असते. म्हणून जाणता शिक्षक हजेरीपटाइतकेच गावातील बोलण्याकडे लक्ष ठेवतो. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मुलीचे वरचेवर घरी राहणे, आठवडी बाजाराच्या दिवशी ठरावीक मुले न येणे, वाचनात मागे पडलेल्या मुलाने वर्गात गप्प होत जाणे, हीही लक्षणे होत.

शिक्षकांची तयारी

लक्षण ओळखता येणे हा प्रशिक्षणाचा सोपा भाग होय. पालकांशी दोषारोप न करता बोलणे आणि उपाय हाताशी असणे हे अधिक कठीण असते. आजी-आजोबा किंवा नातेवाईक गावी असल्यास मुलाला मागे ठेवून हंगामी वसतिगृहाची सोय करता येते. कुटुंबासोबत जाणाऱ्या मुलास शिक्षण हमी पत्रक दिले जाते; ते दाखवून स्थलांतराच्या ठिकाणच्या शाळेत बसता येते. परतलेल्या अथवा कधीच शाळेत न गेलेल्या मुलास कलम ४ नुसार वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. हे ठाऊक नसलेला शिक्षक मुलाला खालच्या वर्गात बसवतो आणि लहान मुलांत बसण्याच्या संकोचाने ते पुन्हा शाळा सोडण्याची शक्यता वाढते.

अन्यत्र

अमेरिकेतील शिकागो शहरात नववीच्या विद्यार्थ्यांविषयी झालेल्या अभ्यासांत (२००५ व २००७) पहिल्या वर्षातील उपस्थिती व विषयांतील उत्तीर्णता ही आधीच्या चाचण्यांच्या गुणांपेक्षा पुढील निकालाची अधिक विश्वसनीय खूण ठरली.

मर्यादा

काम ऐच्छिक असल्याने त्याची घनता शाळागणिक बदलते. वसतिगृहास मंजुरी मिळण्यास विलंब झाला, तर मूल वेळेत ओळखूनही गाडी गावातून निघून गेलेली असते.